ठासणीची रायफल, बिनधुराची दारू आणि नेम

बेळगावकडच्या आमच्या खानापूर तालुक्यात ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक म्हटली की डोळ्यांपुढे एकच वस्तू येते: शेतराखणीच्या लायसनवर घेतलेली, वहीत ‘एसबीएमएल’ (सिंगल बॅरल मझल लोडिंग) अशी नोंद असलेली, एकनळी, आतून गुळगुळीत. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, तेव्हा माचावरून तिचा एक बार हवेत काढायचा. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. तिच्याकडून नेमाची अपेक्षा कुणी करत नाही, आणि करूही नये.

मी फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा. नंदगडचा माझा भाचा मिशिगनमध्ये कायमचा राहायला गेलाय. त्याने तिकडे एक ठासणीची रायफल घेतली, पण काळ्या दारूची नव्हे, बिनधुराच्या दारूवर चालणारी. एके रात्री त्याचा फोन. “मामा, पुढनं भरायची बंदूक ही. प्रत्येक बार आपण हातानं भरायचा. मग पाच गोळ्या एका जागी बसणार कशा?”

“बसत्यात की. पण तू भरतोस कसं ते आधी दाखव.”

पुढे मी तिकडे गेलो तेव्हा रेंजवर त्याच्या शेजारी दुर्बीण लावून बसलो. तो बार काढत होता, मी निशाणाचा कागद वाचत होतो. इथल्या एक-दोन पोरांनीही हेच विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी हत्यार ओळखा

ज्यांच्या घरी जुनी ठासणी आहे त्यांनी हा भाग सोडू नये. काळी दारू म्हणजे सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०. ती जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी होऊन उरतो. तिची एक चांगली खोड अशी की दाब वाढला तरी तिचा जळण्याचा वेग फार वाढत नाही. म्हणून आपल्याकडची म्हातारी माणसं ती मापट्याने, अंदाजाने घालत आली आणि बहुतेकांचं निभावलं.

बिनधुराची दारू वेगळ्या जातीची. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ती १८८४ मध्ये आणली, नायट्रोसेल्युलोजची. वजनाला वजन धरलं तर काळ्या दारूच्या साधारण तिप्पट ताकद. शिवाय कोंडलेल्या जागेत दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. जुन्या ठासणीची नळी, तिच्या बुडाचं बूच, दारू पेटवणारी टोपी बसवायची नळकांडी, यांतलं काहीच त्या दाबासाठी घडवलेलं नसतं.

आपल्या भागात बारा बोरचं काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घालायचा उद्योग काही लोक करतात. अशी फुटलेली एक नळी माझ्याकडे दाखवायला आणली होती. बुडापासून वीतभर अंतरावर लोखंड सोललेल्या केळाच्या सालीसारखं तीन बाजूंना उलटलं होतं. आतल्या कडा चंदेरी, दाणेदार, जणू नुकत्याच तोडलेल्या. बाहेरच्या बाजूला मात्र आजोबांच्या काळचा गंज जसाच्या तसा. दस्त्याचा पुढचा भाग नव्हताच. ज्याच्या हातात ती होती त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

तेव्हा बिनधुराची दारू फक्त त्याच रायफलीत घालायची, जिच्या कंपनीने तसं लिहून दिलंय. अशी कारखान्यात बनलेली प्रसिद्ध रायफल म्हणजे सॅव्हेज कंपनीची १० एमएल-२. नॉर्थ कॅरोलायनातल्या हेन्री बॉल या कारागिराची ती रचना. आता ती बनत नाही, जुन्या बाजारात मिळते. भाच्याची तीच आहे. पन्नास कॅलिबर, आत आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, २४ इंचांत एक फेरा. दारू कुठली आणि किती, हे तिच्या पुस्तिकेत छापलंय. मी इथे एकही आकडा देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलेला तुम्ही घेऊ नका.

पुढून भरली म्हणून नेम चुकत नाही

लोकांचा समज असा की पुढून भरायची बंदूक म्हणजे नेमाला कच्ची. आपल्या गुळगुळीत नळीच्या बाबतीत ते खरंच आहे. तिच्यात गोळी नळीपेक्षा बारीक असते, ती आत इकडून तिकडे आपटत बाहेर येते आणि शेवटी ज्या बाजूला टेकली असेल त्याच्या उलट बाजूला सुटते. तिला गिरकी नसते, त्यामुळे पन्नास-साठ पावलांपुढे देवाचंच नाव. कित्तूरच्या लढाईत, २३ ऑक्टोबर १८२४ ला, कलेक्टर थॅकरे पडला. तो अमटूरच्या बाळप्पाच्या गोळीने पडला असं आपल्याकडे सांगतात. त्या काळची हत्यारं बघता तो बार बराच जवळून निघाला असणार.

पण आटे असलेल्या नळीची गोष्ट वेगळी. १८६० मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते झालं. लोखंडी घोडीवर घट्ट बसवलेली व्हिटवर्थ रायफल, ठासणीचीच, काळ्या दारूची. राणीने नुसती दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून सुमारे सव्वा इंचावर लागली. त्या बारात नळी घोडीवर पक्की होती आणि भरणारा कसबी होता, राणीला काहीच करावं लागलं नाही.

काडतूस कारखान्यात बनतं, सगळी एकसारखी. ठासणीवाला प्रत्येक बाराला नळीच्या आत नवं काडतूस बनवत असतो. त्यामुळे डोळ्याने नेम धरायच्या आधीच हातांनी तो बनवलेला किंवा बिघडवलेला असतो. पुढचं सगळं याच भरणीबद्दल आहे.

भरणी

काळी दारू मापाने भरतात, बिनधुराची वजनाने. हा फरक नीट डोक्यात ठेवा. ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत दाखवणारा काटा लागतो. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, त्याचा दहावा हिस्सा किती बारीक असेल बघा. पंखा बंद, खिडकी बंद, काटा सपाट जागी, आणि दर दहा-बारा वजनांनंतर पितळी वजन ठेवून काटा खोटं बोलत नाही ना ते तपासायचं. भाच्याने काटा ए.सी.च्या झोताखाली मांडला होता. आकडा सारखा नाचत होता आणि तो म्हणत होता, काटा खराब आहे.

प्रत्येक बाराची दारू घरीच तोलून झाकणाच्या छोट्या नळीत भरून न्यायची. रेंजवर तोलत बसायचं नाही, तिथे वारा असतो आणि गप्पाही असतात. टेबलावर एकाच जातीच्या दारूचा डबा. दोन डबे उघडे दिसले की मी उठून जातो. काळी आणि बिनधुराची मिसळून बघू, असं ज्याच्या मनात येतं त्याने बुद्धिबळ खेळावं.

गोळी थेट नळीत जात नाही, ती सॅबोत बसते. सॅबो म्हणजे पाकळ्या असलेली प्लास्टिकची वाटी. नळी पन्नासची, गोळी पंचेचाळीसची, मधली फट सॅबो भरून काढतो, आट्यांची पकड घेतो आणि बाहेर पडल्यावर पाकळ्या उघडून गळून पडतो. सॅबो नळीला फार सैल असला तर दारू नीट पेटण्याआधीच पुढे सरकतो, फार घट्ट असला तर गज, म्हणजे गोळी आत ढकलायची दांडी, दोन्ही हातांनी दाबावा लागतो आणि प्लास्टिकला चरे पडतात. बरोबर माप ते, जिथे गज एका हाताच्या एकसारख्या जोराने खाली जातो. रेंज थांबली, सगळी हत्यारं खाली ठेवली गेली की पुढे जाऊन पडलेले सॅबो उचलून आणायचे. आम्ही पहिल्या दिवशी आणले तेव्हा दोघांचं बूड वितळून खड्डा पडलेला आणि एकाची पाकळी मुळातून तुटलेली होती. कागदावर दूर पडलेल्या गोळ्या मोजल्या, त्याही तीनच. भाच्याने सॅबोची जात बदलली आणि त्या दूरच्या गोळ्या नाहीशा झाल्या.

गज हे नेमाचं सगळ्यांत दुर्लक्षित हत्यार आहे. रिकाम्या नळीत गज टाकून तोंडाशी एक खूण करा. मग नेहमीची भरणी करून दुसरी खूण करा. दर बाराला गज त्या दुसऱ्या खुणेवर यायला हवा. खूण बाहेर राहिली तर गोळी दारूवर बसलेली नाही किंवा आत आधीचा बार शिल्लक आहे. दोन्ही अवस्थांत बार काढायचा नाही, नळी रिकामी करायची. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली की बिनधुराच्या दारूत दाबाचा काही भरवसा राहत नाही. आणि गज आपटायचा नाही. आपल्याकडे गज उडून परत येईपर्यंत ठोकायची रीत आहे. त्याने गोळीचं टोक चेपतं आणि प्रत्येक बाराची दारू वेगळ्या दाबाने बसते. एकदाच, एकसारखा दाबून सोडायचा.

पेटवणीला शॉटगनची २०९ नंबरची टोपी असते. एकाच कंपनीची, एकाच खोक्यातली वापरा. नळीच्या बुडाच्या बुचात एक बारीक भोक असतं, त्यातून टोपीची आग दारूपर्यंत जाते. ते भोक गरम वायूने झिजून हळूहळू मोठं होतं. मोठं झालं की मागे जास्त वायू सुटतो आणि गोळीचा वेग बाराबाराला बदलतो. म्हणून ते भोक असलेला तुकडा बदलता येतो. नेम काही कारण नसताना बिघडला तर रायफलीवरच्या दुर्बिणीला शिव्या देण्याआधी हे भोक मापून बघा.

ऊन

अमेरिकेत हा प्रश्न उन्हाळ्यात येतो, आपल्याकडे आला असता तर फेब्रुवारीपासून. नळी तापली की सॅबोचं प्लास्टिक मऊ पडतं. मऊ सॅबो आट्यांत गोळीला नीट धरत नाही आणि चौथी-पाचवी गोळी वर किंवा बाजूला जाते. उपाय एकच, थांबा. नळीवर तळहात ठेवून आरामात दहा अंक मोजता आले पाहिजेत. बोल्ट उघडा ठेवा, रायफल सावलीत उभी करा, चहा घ्या. मी तिकडे त्याला दर बारानंतर थांबवायचो आणि त्याचा जीव वर-खाली व्हायचा. आजच्या पोरांना सगळं घाईने पाहिजे.

एक सुख मात्र आहे. काळ्या दारूत प्रत्येक बारानंतर ओल्या फडक्याने नळी पुसावी लागते, नाहीतर काजळी साचून तिसरी-चौथी गोळी अडते. ती काजळी हवेतलं पाणी ओढते. आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात रात्री न धुता ठेवलेली ठासणी दुसऱ्या दिवसापर्यंत लाल होते. बिनधुराच्या दारूत बारामागून बार पुसायची गरज नसते. फक्त सुरुवातीला नळीतलं तेल कोरड्या फडक्याने पूर्ण काढा. तेलकट नळीचा पहिला बार कायम वेगळीकडे जातो, तो मोजू नका.

बसणं आणि चाप

रायफलीचा पुढचा लाकडी भाग वाळूच्या पिशवीवर ठेवायचा, नळी कधीच टेकवायची नाही. नळी बार निघताना थरथरते, तिला अडथळा आला की गोळी वर उडते. मागच्या दस्त्याखाली दुसरी छोटी पिशवी. ती डाव्या मुठीत दाबली की माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, खाली-वर होते. दस्ता खांद्यात दर वेळी त्याच जागी, गाल लाकडावर त्याच जागी. श्वास अर्धा सोडून थांबा. चापावर बोटाचं पहिलं पेर, आणि दाब सरळ मागे. बार कधी निघाला हे तुम्हाला आश्चर्य वाटावं, इतका हळू.

बार निघाल्यावर डोकं उचलू नका. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ जाणवण्याइतका असतो, २०९ टोपीच्या रायफलीत तो फार कमी, पण असतोच. भाचा बार काढताच कागद बघायला मान वर करायचा. मी त्याला न सांगता एकदा टोपी न घालता रायफल हातात दिली. चाप ओढला, ‘टक’ आवाज आला, आणि नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं. तो आवाज येण्याआधीच धक्क्याला घाबरत होता. मग तासभर नुसती रिकामी ‘टक’ चालली.

कागद काय सांगतो

तीन गोळ्यांच्या झुबक्यावर, म्हणजे कागदावर एकत्र पडलेल्या भोकांवर, विश्वास ठेवू नका. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. पाच-पाच गोळ्यांचे वेगवेगळे कागद घ्या, प्रत्येकावर तारीख, दारूचं वजन, सॅबो, हवा लिहा. दुर्बिणीला किंवा नेम धरायच्या मागच्या खाचेला झुबका घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. पसरलेला झुबका मध्यावर आणून काय मिळणार?

झुबक्याचा आकार बघा. उभी रांग पडत असेल तर वजन, गजाचा दाब किंवा पेटवणी यांपैकी काहीतरी बाराबाराला बदलतंय. आडवी रांग असेल तर वारा, खांदा किंवा चाप बाजूला ओढणं. गोळ्या एकामागे एक एकाच दिशेला चढत चालल्या तर नळी तापतेय किंवा ती कुठेतरी लाकडाला टेकतेय. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघा, अडली की जागा सापडली. चारी बाजूंना विखुरल्या असतील तर सॅबो आणि गोळी जुळत नाहीत किंवा दुर्बिणीचे स्क्रू ढिले आहेत. आधी स्क्रू बघा, ते फुकटात होतं.

मग हिशेब. एक मिनिट कोन, म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. दुर्बिणीचा नेम सरकवायच्या चकतीची एक टिक साधारणपणे पाव मिनिटाची, म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर. झुबका मध्यापासून ७ सेंटिमीटर खाली असेल तर वरच्या दिशेला दहा टिका. खाच आणि माशीची बंदूक असेल तर मागची खाच गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, पुढची माशी त्याच्या उलट. हे उलटसुलट फौजेत नवे जवान हमखास चुकतात.

भाच्याच्या रायफलीचा झुबका शेवटी १०० यार्डांवर चहाच्या कपाच्या तोंडाआड झाकता येईल इतका झाला. तो त्यावर खूश आहे. मी अजून नाही, त्याचा गाल लाकडावरून हलतो.

इथे बसून काय करायचं

भारतात कुठलीही बंदूक, ठासणीचीसुद्धा, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली लायसनशिवाय ठेवता येत नाही. आपला भाग हत्यारांच्या कायद्याला नवा नाही. सरकारने हत्यारं जमा करायला सांगितली म्हणून मुधोळजवळच्या हलगलीचे बेडर १८५७ मध्ये उठले होते. शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. शेतराखणीचं लायसन म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, डुक्कर मारायचं तर वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते.

स्पर्धेची हौस असेल तर ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धा एमएलएआयसी ही संस्था भरवते. तिथे फक्त काळी दारू चालते, बिनधुराची नाही. तीस मिनिटांत १३ बार, त्यांतले सर्वांत चांगले १० मोजतात.

इथल्या पोरांना मी सांगतो, नेम शिकायला एअर रायफल घ्या. .१७७ बोर आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलीला लायसन लागत नाही. दहा मीटरचं अंतर कुणाच्याही घराच्या परसात निघतं, मागे विटांची भिंत आणि तिच्यापुढे वाळूची पोती लावा, आणि त्या बाजूला कुणाचं येणंजाणं नाही याची खात्री करा. स्पर्धेच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. गाल, दस्ता, श्वास, चाप आणि बारानंतर डोकं न उचलणं, हे सगळं तिथे तसंच लागतं. डोकं उचलायची सवय जात नसेल तर शेजाऱ्याला उभं करून प्रत्येक बारानंतर त्याने मोठ्याने तीनपर्यंत मोजावं, तोवर गाल लाकडावरच.